झिजलेल्या नाण्यावरचं गाव

परवा फोनवर तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, आक्काआजीच्या त्या नाण्याचं पुढे काय झालं. मी "काही नाही" म्हणाले आणि तुमच्याकडच्या थंडीचं विचारायला लागले. उत्तर खोटं नव्हतं. पण तिथवर पोचण्याआधी बरंच काही झालं होतं. ते फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा क्रमाने लिहावं, म्हणून बसले आहे.

आक्का माझी चुलत नणंद. तिचे वडील आणि माझे सासरे सख्खे भाऊ, तिचे वडील थोरले. सदलग्याजवळ थोडी जमीन होती, ती दोघांना पुरणारी नव्हती, म्हणून थोरले बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना बोटीने इराककडे नेलं. आक्का तेव्हा आईच्या पोटात होती. ते परत आले नाहीत. सरकारी कागद आला, त्यावर "बेपत्ता" एवढंच होतं. कुठे, ते नव्हतं. त्यांच्या पत्रांतही गावाचं नाव कधी नसे. लिहिलं असलं तरी सैन्यातले लोक तेवढा तुकडा कापून मग पत्र पुढे पाठवत.

लढाई संपल्यावर चिकोडीकडचा एक सोबती घरी आला. माझ्या थोरल्या चुलत सासूबाईंच्या, म्हणजे आक्काच्या आईच्या, हातात त्याने एक वस्तरा ठेवला आणि एक तांब्याचं जाड नाणं, जुन्या चांदीच्या रुपयाएवढं. तो स्वतः तापाने फणफणून छावणीत मागे राहिला होता, तेव्हा थोरल्यांनी हे त्याच्याकडे सांभाळायला दिलं होतं. त्यानंतर त्याच मुलखात ते नाहीसे झाले.

"खंदक खणताना गावलं, वयनी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी जपलं हुतं त्यांनी."

"कुठं पडले?"

"ठाव न्हाय. सगळं एकसारखंच रान. साहेब म्हणंल तिकडं चालायचं."

"कुठं पडले ठाव न्हाय, मग पडले कशावरनं?"

चहा न घेताच तो गेला म्हणे. ही गोष्ट आक्का दोघांचे आवाज काढून सांगते. ती तेव्हा तीन-चार वर्षांची होती, तरी कालच पाहिल्यासारखी सांगते.

थोरल्या सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. विधवेचं पेन्शन मिळत होतं, त्या कागदावर अंगठा द्यायला नकार दिला. माणसं समजवायला आली, त्यांना चुलीपुढून उठून नमस्कार केला आणि परत पाठवलं. पुढे त्या कागदांसोबत थोरल्यांचा शिपाई नंबरही घरातून गेला. मी मागच्या वर्षी लष्करी दफ्तरात चौकशी केली, तेव्हा त्या नावाचे या भागातले इतके शिपाई निघाले, की नंबराशिवाय कुणाचंच काही सांगता येईना. म्हणजे तीही वाट बंद होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई पन्नाशीच्या पुढे होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावातल्या बायका हळदीकुंकवाला त्यांना बोलवायच्या, पण ओटी भरताना हात जरा आखडता घ्यायच्या. आमच्याकडे पितृपक्षात म्हाळ घालतात. गेलेल्या माणसाच्या नावाने स्वयंपाक करून पान वाढतात, गच्चीवर कावळ्यासाठी ठेवतात. घरातल्या सगळ्या गेलेल्यांची पानं वाढली जायची, थोरल्यांचं कधीच नाही. जाताना सासूबाईंनी आक्काकडून वचन घेतलं: बाप कुठं पडला ते गाव कुणी सांगेल त्या वर्षी त्याचं पान वाढ, त्याच्याआधी वाढायचं न्हाय.

आता आक्का ऐंशी ओलांडून गेली आहे. निपाणीत मुलाकडे असते. मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि मी बेळगावहून बसने तिला बघायला गेले. ती अंथरुणावर बसून होती. मला बघून तिने सुनेला हाक मारली, "अगं, कॅम्पातली मड्डम आली, खुर्ची दे बरी. पाटावर बसायची न्हाय ती." लग्न झाल्यापासून ती मला मड्डम म्हणते. मी बेळगावच्या कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीतून गणित शिकवायचे, आणि सासरी पहिल्याच दिवशी पोळी चिमट्याने उलटवली, या दोन्ही गुन्ह्यांची ती शिक्षा आहे.

इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "माझं आता काय खरं न्हाय. म्या गेल्यावर अण्णाचं पान कोण वाढणार? माझ्या पोराला तर आजा कुठला नि काय, ठाव बी न्हाय." वडिलांना ती अण्णा म्हणते, ज्यांना तिने कधी पाहिलं नाही. "एकदा वाढून जाऊ दे मला. तू लई शिकलीस. कुठं पडला एवढं हुडकून दे."

मी म्हटलं, सुरुवात कुठून करू? तिने देव्हाऱ्याकडे बोट केलं.

ते नाणं मी इतकी वर्षं पाहत आले होते, पण नेहमी हळदीकुंकवाखाली. त्याच्यावर एक बाई बसलेली आहे, म्हणून सासूबाईंनी ती लक्ष्मी मानली आणि देवाच्या टाकाच्या शेजारी ठेवली. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा हातात घेऊन उलटं केलं. दुसऱ्या बाजूला एक तरुण पुरुष आणि एक स्त्री, एकमेकांकडे तोंड करून. नाकं, केस, त्याच्या डोक्यावरचा मुकुट, सगळं स्वच्छ. आणि भोवती अक्षरं. डेल्टा होता. लॅम्डा होते, एकाला एक लागून दोन. आयुष्यभर फळ्यावर कोनांना आणि गुणकांना जी अक्षरं दिली ती इथे ओळीने उभी होती.

"आक्का, हे ग्रीक आहे."

"आय म्हणायची मोडी हाय."

"आणि ही बाजू इतकी नवी कशी राहिली?"

आक्का हसली, पोटाला हात धरून. "आय ती बाजू खालीच ठेवायची. नवराबायको एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलेत, देवापुढं शोभतंय का ते!"

मी नाणं रुमालात बांधून घेऊन आले. घरी मी सगळं पद्धतशीर केलं, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. स्वच्छ पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसलं. टेबलावरचा दिवा आडवा ठेवला, म्हणजे उजेड बाजूने पडतो आणि झिजलेल्या उंचवट्यालाही सावली येते. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली, तुम्ही लहानपणी करायचात तशी. राजाची बाजू दोन दिवसांत लागली. त्यांचा सिग्मा इंग्रजी C सारखा लिहिलेला असतो, एवढं कळलं की बाकी सोपं. रोमचा बादशहा आणि त्याची बायको. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते पुस्तकापुस्तकांत आहे, त्याला माझी गरज नाही. तो पोरगेला असतानाच गादीवर बसला आणि विशीच्या आतच इराणी फौजेवरच्या स्वारीत तिकडेच मेला. कसा मेला यावर म्हणे अजून वाद आहेत.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. रोमच्या राज्यात दूरच्या प्रांतातली मोठी गावं स्वतःची तांब्याची नाणी पाडायची, बाजारात ग्रीक चालायची म्हणून ग्रीक अक्षरांत. एका बाजूला बादशहा, आणि दुसऱ्या बाजूला त्या गावाची रक्षक देवता आणि गावाचं नाव. तांब्याचं नाणं सोन्यासारखं देशोदेशी फिरत नाही, बहुतेक आपल्या गावाच्या आसपासच खर्च होतं आणि तिथेच मातीत जातं. थोरल्यांना ते खंदकात सापडलं होतं. म्हणजे लष्कराने प्रत्येक पत्रातून कापून टाकलेलं ते नाव ते या नाण्यावर घरी पाठवून बसले होते.

मी आक्काला फोन केला. तसा करायला नको होता, आधी दुसरी बाजू वाचून मग करायचा, पण राहवलं नाही. "गावाचं नाव नाण्यावरच आहे, आक्का. लक्ष्मीच्या बाजूला."

पलीकडे तिने सुनेला टीव्ही बंद करायला सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हंजे औंदा पान वाढायचं."

लक्ष्मीच्या बाजूला मी किती दिवस दिले ते सांगत नाही. देवी खडकावर बसलेली आहे एवढं कळतं. पायाशी पाण्यात पोहणारा एक माणूस, ती नदी. डोक्यावर कसलासा प्राणी होता, त्याचा आता नुसता फुगवटा आहे. कडेची अक्षरं बहुतेक गेलेली. एका जागी सिग्मा, एप्सिलॉन आणि वर्तुळाच्या सूत्रातला तो पाय (π). पुढे थोड्या अंतरावर कॅपा, ओमिक्रॉन, लॅम्डा. बाकी गुळगुळीत, बोट फिरवलं तर घसरेल असं.

थोरली, तू तुझ्या विद्यापीठातल्या ज्या नाण्यांच्या अभ्यासक बाईंचा पत्ता दिलास त्यांना मी फोटो पाठवले. त्यांनी फार सौजन्याने उत्तर दिलं. तो राजा, ती राणी, अशी बसलेली देवी आणि ही सहा अक्षरं, एवढ्यावरून त्यांनी जवळजवळ सगळी गावं खोडली. दोन उरली. एक निसिबिस, आता तुर्कस्तान आणि सीरियाच्या हद्दीवर आहे. दुसरं सिंगारा, आता इराकात. दोन्ही गावांना रोमने दिलेल्या पदवीत ती सहा अक्षरं येतात आणि दोन्हीकडे आपली पलटण त्या सुमाराला असू शकते, ते मी युद्धाच्या पुस्तकांतून पडताळून पाहिलं. फरक दोनच ठिकाणी. एक गावाचं नाव, जे गेलं आहे. दुसरा देवीच्या डोक्यावरचा प्राणी. निसिबिसच्या नाण्यावर उडी मारणारा मेंढा असतो. सिंगाराच्या नाण्यावर अर्धा घोडा अर्धा माणूस, धनुष्य ताणलेला. म्हणजे आपल्या पंचांगातल्या मेष आणि धनू राशी.

मी पुन्हा भिंग घेतलं. त्या फुगवट्याला चार पाय असावेत असं वाटतं. पण चार पाय मेंढ्यालाही आणि त्या घोड्यालाही. बाईंनी शेवटी विचारलं होतं, नाण्याची एकच बाजू इतकी कशी झिजली, ते कशावर घासलं जात होतं का? मातीखाली झाकलेली अक्षरं साफ करून काढता येतात, पण इथे धातूच गेला आहे, तो कुठल्याही उपायाने परत येणार नाही. वजन, धातू, साचा सगळं विचारून पाहिलं. त्या प्रत्येक वेळी तितक्याच सौजन्याने नाही म्हणाल्या.

निपाणीला जाताना बसमध्ये मी ठरवून गेले होते की घासण्याचं बोलायचं नाही.

आक्का गच्चीत ऊन खात बसली होती. बरी दिसत होती. मी दोन गावं सांगितली, मेंढा आणि धनुर्धारी सांगितला, सहा अक्षरं कागदावर मोठी काढून दाखवली. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"दोनातलं एक सांग की."

"नाही सांगता येत."

"लांब हायत एकमेकास्नं?"

"बेळगाव ते कोल्हापूर असेल."

"म्हंजे मधी निपाणी." ती जरा हसली. "तू तरी काय करणार? आपलं सोताचं गाव कुठल्या राज्यात ते इतकी वर्सं कोर्टाला ठरवाय येईना. त्या बिचाऱ्या नाण्यानं काय काय सांगावं?"

सून खालून चहा घेऊन आली, ठेवून गेली. आक्काने नाणं हातात घेतलं, राजाराणीकडे पाहिलं, उलटं केलं.

"त्यांची तोंडं ऱ्हायली. हिची बाजू का गेली गं?"

मी चहा हलवत राहिले. त्यात साखर नसते, तिला माहीत आहे.

"मड्डम, मी विचारतेय."

"झिजली, आक्का. दोन हजार वर्षं होत आली त्याला."

"मग तीबी तेवढीच जुनी की." तिने अंगठा देवीच्या डोक्यावर ठेवला, जिथे प्राणी होता तिथे. अंगठा बरोबर बसला. त्या जागी एक लहानशी खळगी आहे. "हितं कुंकू लावायचो. रोज आदल्या दिवसाचं खरवडून काढायचं, मग नवं. आणि दर अमुशाला चिंच नि राख लावून घासायचं. आय म्हणायची, काळं पडू द्यायचं न्हाय, काळं पडलं तर तिकडं त्येंच्यावर सावट येतंय. फराक घालत हुते तवापासनं ते काम माझ्याकडं. मलाच जमायचं. काथ्या घ्यायची आणि ह्या कडंनं, हितनं, गोल गोल..." तिचा अंगठा अक्षरांच्या जागेवरून फिरत गेला, आणि एका ठिकाणी थांबला.

बोलण्यासारखं जे होतं ते सगळं खोटं झालं असतं. गणिताच्या बाईला एवढंच येतं की दोन शक्यता सारख्या असल्या तर त्यांतली एक खरी म्हणून लिहायची नाही. त्या दुपारी मला ते येत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं, पण येत होतं.

"आयला ठाव असतं तर," आक्का म्हणाली, आणि नाणं मुठीत मिटलं. चहा निवला.

मी निघताना तिने नाणं सुनेकडे देव्हाऱ्यात ठेवायला दिलं. कुठली बाजू वर, हे सुनेने विचारलं. "ठेव कशीबी," आक्का म्हणाली.

पितृपक्षात तिच्या यजमानांचा म्हाळ असतो, त्याला मी दरवर्षी जाते. या वर्षीही गेले. स्वयंपाकघरात उडदाचे वडे तळले जात होते, खीर झाली होती. मुलगा आंघोळ करून उघड्या अंगाने वाट बघत होता. आक्काने केळीची दोन पानं मांडली होती. एक तिच्या यजमानांचं. दुसरं कुणाचं ते मी विचारलं नाही, आणि सुनेनेही माझ्याकडे पाहिलं फक्त. माझ्या मनात आलं, हिने मनाशी एक गाव ठरवलं असेल. मेंढा म्हणाली असेल, नाहीतर धनुर्धारी. तिने तसं केलं असतं तर मी एक अक्षर बोलणार नव्हते. खरं सांगायचं तर मी मनातून प्रार्थना करत होते की तिने तसं केलेलं असू दे.

पहिलं पान वाढून झालं. वाढताना ज्याच्यासाठी पान त्याचं नाव घेऊन, गाव सांगून, "जेवायला या" म्हणायची आमच्याकडे रीत आहे. आक्काने यजमानांचं नाव घेतलं, निपाणी म्हणाली. मुलगा पान घेऊन गच्चीवर गेला. मग तिने दुसऱ्या पानावर मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, खिरीचा डाव उचलला. "अण्णा," म्हणाली. डाव हातात तसाच. सून आणि मी उभ्या होतो. वरून मुलाचा कावळ्यांना बोलावण्याचा आवाज येत होता. तिचे ओठ हलत होते, पण गाव काही येईना. खीर डावातून थेंबथेंब पातेल्यात परत पडत होती.

शेवटी तिने डाव खाली ठेवला. पान दोन्ही हातांनी धरून सरकवलं, भिंतीजवळ, जिथे माझ्यासाठी पाट मांडला होता तिथे.

"बस, मड्डम," ती म्हणाली. "जेवून घे. साडेतीनची बस हाय तुझी."

मी बसले. तिने मला त्याच पानावर वाढलं, वडे, कढी, अळूची भाजी, खीर. नको म्हणता आलं नाही. ती समोर बसून राहिली, मी जेवेपर्यंत. आणखी खीर हवी का, विचारलं. मी हो म्हटलं.